घराचे नकाशे, फोटो, फाइली यांचं करायचं काय? कोकणातल्या घरमालकांचे नेहमीचे प्रश्न

मी सिव्हिलवाला, रत्नागिरी-संगमेश्वर पट्ट्यात लोकांची घरं बांधून देतो. घर झाल्यावर दोन-तीन वर्षांनी जे फोन येतात ते जवळजवळ ठरलेले असतात, "दादा, बाथरूमची लाइन नक्की कुठून गेलीय हो?" किंवा "वर अजून एक मजला चढेल का?" तर लोक परत परत विचारतात ते सगळं इथे एकत्र टाकतोय. नंबर दिलेत, म्हणजे तेच तेच दोनदा लिहायला नको.

१. घराचा डिजिटल डेटा म्हणजे काय? आमचं साधं चिऱ्याचं घर आहे, टॉवर नाही.

साध्या घराचाही ढीगभर डेटा असतो, फक्त तो तुमच्याकडे नसतो. इंजिनियरच्या कॉम्प्युटरवर ऑटोकॅडचा नकाशा, स्ट्रक्चरलवाल्याकडे फुटिंग-कॉलमची ड्रॉइंग, सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये स्लॅबचे फोटो, वायरमनच्या व्हॉट्सॲपवर पेनाने खुणा केलेला कागद, दुकानदाराकडे मोटरचं बिल. घर झालं की सुपरवायझर मोबाइल बदलतो, वायरमन पुण्याला कामाला जातो, आणि तुमच्या हातात राहते किल्ली आणि वास्तुशांतीचा अल्बम.

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. गणपतीच्या आदल्या दिवशी मखराला लाइट लावायचा म्हणून भिंतीत ड्रिल मारला आणि थेट वरच्या टाकीची लाइन फोडली. मी सिव्हिलवाला, घर मी बांधलेलं, फोटो पण काढलेले होते, पण कुठल्या फोनमध्ये ते आठवेना. चतुर्थीच्या सकाळी बादल्या घेऊन उभे आम्ही. तेव्हापासून माझी परीक्षा एकच, प्लंबर दारात उभा असताना ती माहिती पाच मिनिटांत हातात आली तर तिचा उपयोग.

२. इंजिनियर आणि कॉंट्रॅक्टरकडून नक्की काय काय मागून घ्यायचं?

सगळ्यात आधी फुटिंग आणि कॉलमचं ड्रॉइंग. लोक एलिव्हेशनचा, म्हणजे घराच्या दर्शनी बाजूचा, रंगीत थ्रीडी फोटो जपून ठेवतात आणि हे विसरतात. जमिनीत काय घातलंय ते नंतर कोणालाच दिसत नाही, आणि वर मजला चढवायचा, गच्चीवर मोठी टाकी ठेवायची, सोलरचा सांगाडा उभारायचा, काहीही ठरवताना पहिला कागद हाच लागतो. त्याच्यासोबत स्लॅब-बीमचं ड्रॉइंग आणि सळईचा तक्ता, ज्याला साइटवर बीबीएस म्हणतात. त्यातून स्टील किती लागायला हवं होतं ते कळतं. सळईचं वजन काढायचं सोपं गणित आहे, व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचं वजन किलोत येतं. १२ एमएमची सळई म्हणजे मीटरला साधारण ०.८९ किलो. बिलाशी ताडून बघा, कधी कधी गंमत कळते.

मग मंजूर नकाशा शिक्क्यासकट, प्लंबिंग आणि वायरिंगचे नकाशे जसं प्रत्यक्षात झालं तसे (कागदावर ठरलं होतं तसे नव्हेत, आमच्याकडे साइटवर अर्धं बदलतं), क्यूब टेस्टचे (काँक्रीटच्या ताकदीची चाचणी) रिपोर्ट झाले असतील तर ते, मोटर-इन्व्हर्टर-गीझरची बिलं आणि मॉडेल नंबर, बोअरवेल असेल तर खोली, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात घातलेला पाइप) किती फूट आणि पंप किती फुटावर सोडलाय ते. रंगाच्या डब्यावरच्या शेड नंबरचा फोटो पण घ्या, हसू नका, दोन पावसाळ्यांनी एक भिंत रंगवायची वेळ आली की तोच लागतो.

३. इंजिनियरने फाइल पाठवली पण ती मोबाइलवर उघडतच नाही. शेवटी डीडब्ल्यूजी असं काहीतरी आहे.

ती ऑटोकॅडची फाइल. ऑटोडेस्कचा फुकटचा व्ह्यूअर ब्राउझरमध्ये चालतो, त्यात दिसेल. पण तुम्हाला रोजच्या वापराला पीडीएफच हवी. दोन्ही मागा: पीडीएफ तुम्ही बघायला, डीडब्ल्यूजी पुढच्या इंजिनियरने बदल करायला, नाहीतर तो सगळं घर परत मोजणार आणि त्याचे पैसे लावणार. नवीन व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली फाइल जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत नाही, म्हणून एक प्रत जुन्या व्हर्जनची किंवा डीएक्सएफ (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारा फॉरमॅट) करून मागितली तर बरं.

आणि एक, पीडीएफची प्रिंट काढून त्यावर फूटपट्टी ठेवून मापं काढू नका. झेरॉक्सवाला कागदात बसवायला चित्र लहान करतो आणि स्केल बिघडतं. आकडा लिहिलेला असेल तोच धरा, आणि एकक बघा, गवंड्याचं इंचात असतं आणि इंजिनियरचं एमएममध्ये.

४. बांधकाम चालू असताना फोटो कधी आणि कसे काढायचे? आम्ही मुंबईत असतो.

झाकलं जाण्याआधी काढायचे, बस. म्हणजे फुटिंगचा पाया भरण्याआधी, जोत्यात भराव टाकण्याआधी (ड्रेनेजचे पाइप त्यातच जातात), स्लॅबचं काँक्रीट ओतण्याआधी सळई आणि त्यातले वायरिंगचे पाइप दिसतायत तेव्हा, भिंतीला चर मारून पाइप बसवले पण प्लास्टर झालं नाही तेव्हा, टाइल लावण्याआधी बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, आणि सेप्टिक टँकवर माती ओढण्याआधी. यातला एक दिवस चुकला की परत येत नाही. स्लॅबच्या दिवशी सगळं घर मटणाच्या तयारीत असतं, फोटो राहतो तो राहतोच.

नुसता पाइपचा फोटो काढलात तर काही उपयोग नाही. तीन वर्षांनी बघताना सगळ्या भिंती सारख्याच दिसतात. फोटोत न हलणारी एखादी गोष्ट आली पाहिजे, दाराची चौकट, खिडकीचा कोपरा, कॉलम. तिथपासून टेप लावून टेपसकट फोटो घ्या. उंची मोजताना तयार फरशीपासून मोजताय की कच्च्या कोब्यापासून ते लिहा, दोन-अडीच इंचाचा फरक असतो आणि ड्रिल तेवढ्यात चुकतो. आधी पूर्ण भिंतीचा लांबून एक, मग जवळून.

तुम्ही मुंबईत असाल तर साइटवरच्या माणसाला सांगा की व्हिडिओ काढ आणि काढता काढता बोल. "ही माजघराची पूर्वेकडची भिंत, ही वरच्या टाकीची लाइन, दारापासून सव्वादोन फूट." असं हळू हळू चालत. माझ्या अनुभवात याच्याइतकं उपयोगी काही नाही, कारण नंतर ऐकणाऱ्याला नकाशा वाचता यायची गरज पडत नाही. शेवटचा हप्ता देण्याआधी हे सगळं हातात आलेलं असू दे, नंतर कोण कोणाला विचारतो.

सेप्टिक टँक, शोषखड्डा, जमिनीतली केबल यांना घराच्या दोन कोपऱ्यांपासून दोन मापं घ्या. दोन कोपऱ्यांवरून दोन टेप ओढले की जिथे मिळतात तिथे झाकण. श्रावणात परसात कमरेइतकं गवत असतं तेव्हा टँक शोधणाऱ्याला विचारा या दोन आकड्यांची किंमत.

५. कॉंट्रॅक्टरने व्हॉट्सॲपवर सगळे फोटो पाठवलेत, तेच ठेवले तर नाही का चालणार?

काहीच नसण्यापेक्षा बरं. पण व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फोटोच्या पोटात असलेली तारीख-वेळ-ठिकाण ही माहिती निघून जाते. टेपवरचा आकडा झूम केला की नुसते ठिपके. त्याला सांगा, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, मग जसाच्या तसा येतो. आणि आलेला लगेच डाउनलोड करा, महिन्यांनी उघडायला गेलात तर "परत पाठवायला सांगा" असं येतं आणि पाठवणारा ग्रुप सोडून गेलेला असतो.

६. एवढ्या फाइली ठेवायच्या कुठे, नावं काय द्यायची?

गूगलवर १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले, त्यामुळे लग्नाचे व्हिडिओ तिथेच असतील तर जागा भरते. घराच्या नावाने वेगळा ईमेल उघडा आणि पासवर्ड घरातल्या दोघांना माहीत असू दे. दुसरी प्रत हार्ड डिस्कवर, पण ती गावच्या घरात नको, मुंबईला किंवा दुसऱ्या कोणाकडे. गावी खारट दमट हवेत पेनड्राइव्हची टोकं हिरवी पडलेली मी बघितलीत.

नाव देताना तारीख उलटी लिहा, आधी वर्ष: "२०२४-०३-१८ स्वयंपाकघर पश्चिम भिंत प्लास्टरआधी". म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. फोल्डर खोलीप्रमाणे करा, कामाप्रमाणे नको, कारण शोधणारा "प्लंबिंग दुसरा टप्पा" असं शोधत नाही, तो न्हाणीघरात उभा राहून शोधतो.

आणि कागद विसरू नका. जुलैमध्ये तीन दिवस लाइट नाही, टॉवर बंद, रेंज नाही, तेव्हा क्लाउड काय कामाचा? एकच पान करा, मेन स्विच कुठे, पाण्याचे कॉक कुठे, टँक कुठे, मोटरचा मॉडेल नंबर, वायरमन-प्लंबरचे फोन. लॅमिनेट करून मीटर बोर्डाच्या दाराच्या आतून चिकटवा. लॅमिनेट यासाठी की नुसता कागद वाळवी आणि कसर ठेवत नाहीत.

७. समुद्राजवळ घर आहे म्हणून वेगळं काही जपायचं का?

हो, कॉंक्रीटचे कागद. खारी हवा काँक्रीटमधून हळूहळू सळईपर्यंत पोचते, सळई गंजते, गंज जागा जास्त खातो म्हणून आतून फुगवटा येतो आणि स्लॅबचे पोपडे खाली पडतात. दहा-पंधरा वर्षांत असं झालेली घरं किनाऱ्यावर हवी तेवढी दाखवतो. हे किती लवकर होणार ते सळईवर काँक्रीटचा थर, म्हणजे कव्हर, किती आणि काँक्रीट कसलं यावर बरंचसं ठरतं. काँक्रीटच्या आयएस ४५६ या २००० सालच्या भारतीय कोडमध्ये किनाऱ्याच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला किमान एम३० ग्रेड (आकडा मोठा तितकं काँक्रीट मजबूत) आणि ४५ मिमी कव्हर सांगितलंय, आणि जिथे समुद्राचे तुषार उडतात तिथे एम३५ आणि ५० मिमी. आपल्याकडे सळईखाली सरसकट २० मिमीचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, टाकले जातात, ते पण मधे मधे सरकलेले.

म्हणून सळई बांधून झाली की कव्हर ब्लॉकला टेप लावून फोटो घ्या (कसे ते ४ मध्ये). पाणी विहिरीचं वापरणार असाल आणि विहीर खाडीजवळ असेल तर पाण्याचा टेस्ट रिपोर्ट जपा, सळईच्या काँक्रीटला क्लोराइडची मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. वाळू कुठून आली त्याचं चलन पण ठेवा. खाडीची वाळू न धुता वापरली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत. पुढे रिपेअरवाला आला की तो हेच विचारणार, आणि उत्तर असलं तर नुसते पोपडे बुजवायचे की मुळातून काम करायचं ते ठरवणं सोपं जातं.

८. घर होऊन सहा वर्षं झाली, फोटो एकही नाही. आता काही करता येईल का?

येईल, थोडं थोडं. आधी गवंडी, वायरमन, प्लंबर यांना फोन करा, त्यांच्या जुन्या व्हॉट्सॲपमध्ये कधी कधी खजिना असतो. मग एका दुपारी घरभर फिरून सगळे स्विच, कॉक, चेंबर यांचे फोटो घ्या आणि बोर्डातला कुठला एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) पाडल्यावर काय बंद होतं त्याची यादी करा. एवढंच केलं तरी निम्मं काम झालं. भिंतीतली सळई आणि पाइप शोधायचं यंत्र मिळतं, पण चिऱ्याच्या भिंतीत ते कधी कधी भलतंच दाखवतं, चिरा म्हणजे जांभा दगड, त्यात लोखंडाचं प्रमाण भरपूर. त्यामुळे यंत्राने "काही नाही" म्हटलं तरी डोळे मिटून ड्रिल मारू नका. आणि इथून पुढे काहीही दुरुस्तीला भिंत फोडलीत की बुजवण्याआधी फोटो.

९. आमचं आजोबांच्या वेळचं कौलारू घर आहे, त्याला कसला आलाय डेटा?

त्यालाच जास्त गरज आहे, कारण नकाशा नाही आणि ज्याला माहिती होतं तो माणूस गेला. मोठ्या काकांना किंवा आजीला खुर्चीत बसवा आणि घरभर नेत व्हिडिओ करा. कुठला वासा कधी बदलला, पडवी नंतर काढली का, जुनी चूल कुठे होती, विहीर उन्हाळ्यात कुठवर उतरते. मग आढं, भाल, वासे यांची मापं आणि फोटो, वाळवीचं औषध कधी कुठे मारलं त्याची नोंद. कौलाच्या मागे कारखान्याचा छाप असतो, त्याचा फोटो आणि माप ठेवा, वादळात शंभर कौलं फुटली की तीच मिळतायत का बघायला लागतं, दुसऱ्या कारखान्याचं कौल अर्धा सूत इकडे-तिकडे असलं तरी पाणी आत.

१०. एक आर्किटेक्ट म्हणाले पूर्ण बीआयएम मॉडेल करून देतो. घ्यावं का?

बीआयएम म्हणजे नुसतं थ्रीडी चित्र नाही, त्यातल्या प्रत्येक दार-खिडकी-पाइपला माहिती चिकटवलेली असते. मोठ्या हॉस्पिटलला, हॉटेलला ठीक. लंडनमध्ये १४ जून २०१७ ला ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसं गेली, त्यानंतर तिकडे उंच इमारतींची माहिती डिजिटल स्वरूपात शेवटपर्यंत जपायची असा कायदाच आला. पण तुमच्या दोन बेडरूम आणि पडवीला? मॉडेल उघडायला सॉफ्टवेअर लागणार, आणि ते अपडेट कोण करणार? घेतलंच तर आयएफसी या खुल्या फॉरमॅटमध्ये एक प्रत मागा, म्हणजे एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरला बांधून राहणार नाही.

परदेशात मोठ्या इमारतीचा ताबा देताना सगळ्या उपकरणांची यादी एका एक्सेलसारख्या तक्त्यात देतात, त्याला कोबी म्हणतात. भाजीशी संबंध नाही. अमेरिकन सैन्याच्या इंजिनियरांकडून २००७ च्या सुमारास निघालेली पद्धत. कल्पना मात्र आपल्याला झकास लागू पडते, वस्तू, कुठे बसवली, मॉडेल, कधी घेतली, वॉरंटी कधीपर्यंत, कोणाला फोन. सहा रकाने, एक शीट. बीआयएम मॉडेलचे पैसे वाचवा आणि हे करा.

आयफोन प्रोमध्ये १२ पासून लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) आहे, त्याने खोली स्कॅन करता येते. फर्निचरवाल्याला दाखवायला छान, पण भिंतीच्या आतलं त्याला दिसत नाही आणि बारीक मापाला टेपच.

११. इंजिनियर ऑटोकॅडची फाइल द्यायला नाही म्हणतो. पैसे तर आम्ही दिलेत.

इथे दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे. नकाशावर कॉपीराइट सहसा तो काढणाऱ्याचा राहतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. म्हणजे तुमचा नकाशा घेऊन चुलत भावाने दुसरीकडे तसंच घर बांधणं ही वेगळी गोष्ट. पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातच असं आहे की मूळ घर रीतसर परवानगीने त्या नकाशावरून बांधलेलं असेल तर तेच घर त्याच नकाशाप्रमाणे परत उभारणं हे उल्लंघन होत नाही. वादळात पडलं, परत बांधताय, बिनधास्त.

भांडण्यापेक्षा काम देतानाच कागदावर दोन ओळी लिहून घ्या, शेवटच्या हप्त्यासोबत पीडीएफ आणि डीडब्ल्यूजी मिळतील, ती याच घराच्या दुरुस्ती-वाढीसाठी वापरू. असं लिहिलं की बहुतेक जण देतात. पीडीएफ द्यायलाच नाही म्हणणारा इंजिनियर असेल तर मात्र मला काळजी वाटेल.

१२. रत्नागिरीत फ्लॅट घेतलाय. बिल्डरकडून काय मागू शकतो?

प्रोजेक्ट महारेरावर (बिल्डरांच्या प्रकल्पांवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदलेला असेल तर बरंच. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीतून सूट आहे, ते आधी बघा. रेरा कायद्यात ताबा मिळाल्यावर सामाईक जागांसकट लागणारे कागद आणि नकाशे मिळण्याचा हक्क आहे, सोसायटीला तर पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर ३० दिवसांत द्यायचे असतात, स्थानिक कायद्यात वेगळं काही नसेल तर. ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा. इथे तारखेसकट फोटो लागतो, म्हणून ५ नीट वाचा. ताबा घेतानाच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, आणि ओल दिसली की त्याच दिवशी लेखी कळवा, फोनवर बोललेलं कुठे राहत नाही.

१३. मोबाइलच्या जीपीएसवरून किंवा गूगल मॅपवरून जागेची हद्द काढून ठेवली तर?

आठवणीसाठी ठेवा, भांडणासाठी नाही. मोबाइलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि आपल्याकडे गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) वाद होतो तो फुटाभराचा असतो. हद्दीला भूमी अभिलेखची मोजणी आणि तिची क प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), तिचा नीट स्कॅन घराच्या फाइलीत पाहिजेच. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. गावठाणात घर असेल तर स्वामित्व योजनेत, जी २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली, ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रक मिळतं. पण आपल्या वाड्या विखुरलेल्या, बरीच घरं गावठाणाबाहेर सातबाऱ्याच्या जमिनीत, त्यांना ते लागू होईलच असं नाही. ग्रामपंचायतीचा घराचा असेसमेंट उतारा मात्र सगळ्यांनीच जोडा.

१४. वादळ-पुरात नुकसान झालं तर या फायलींचा उपयोग होतो का?

होतो. ३ जून २०२० चं निसर्ग, पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणचा पूर. प्रत्येक वेळी लोकांना पडलेल्या घराचे फोटो होते, आधीचे नव्हते. पंचनाम्यात किंवा विमा कंपनीला "आधी काय होतं" दाखवायला लागतं. दरवर्षी मे महिन्यात पत्रे, कौलं, मोटर, फर्निचर असा एक दहा मिनिटांचा व्हिडिओ करा, बिलं ६ मध्ये सांगितलेल्या ईमेलला. पूर आला तर ओसरल्यावर भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेला टेप लावून फोटो घ्या, साफसफाई करण्याआधी. पुढच्या वेळी मीटर बोर्ड किती उंच न्यायचा ते तीच रेषा सांगते.

१५. मंजूर नकाशात पडवी उघडी आहे, आम्ही बंद करून खोली केली. प्रत्यक्षातला नकाशा काढला तर अंगाशी येईल का?

हा प्रश्न नेहमी हळू आवाजात विचारतात. नकाशा काढल्याने बेकायदा काही होत नाही आणि न काढल्याने कायदेशीर होत नाही, जे आहे ते उभंच आहे. बँकेचा व्हॅल्युअर आला की तो स्वतः मोजतोच. दोन फोल्डर ठेवा, एक "मंजूर", एक "प्रत्यक्ष", आणि एकाच्या नावाने दुसरं कुणाला देऊ नका, तिथे खरी अडचण होते. दुरुस्तीला प्रत्यक्षातलाच लागणार, पडवीची भिंत नकाशात नाही म्हणून वायर तिच्यातून गेलेली नाही असं नसतं. नियमित करून घ्यायचं असेल तर ज्यांनी परवानगी दिली त्यांच्याकडेच विचारा, गावागणिक उत्तर बदलतं.

१६. घर तीन भावांचं सामाईक आहे, फाइल कोणाकडे? आणि विकलं तर नवीन मालकाला द्यायची का?

सामाईक असेल तर तिघांनाही बघायची परवानगी द्या, बदल करायची एकाला. वाटणीची बोलणी सुरू झाल्यावर फाइल उघडायला गेलात तर संशय येतो, त्यामुळे गणपतीला सगळे जमतात तेव्हाच करून टाका. राखणदाराला किंवा प्लंबरला अख्खा फोल्डर पाठवू नका, त्यात सीसीटीव्हीचा पासवर्ड, तिजोरीची भिंत, आधार कार्ड सगळं असतं. त्याला लागेल तो एकच फोटो द्या, किंवा ते लॅमिनेट केलेलं पान दाखवा.

विकताना बांधकामाचा भाग द्या, तुमचे खाजगी कागद काढून. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकाने फुटिंगचं ड्रॉइंग आणि सेप्टिक टँकची दोन मापं बघितली आणि घासाघीस जरा कमी केली, दर वेळी असं होईल असं नाही. सीसीटीव्ही, वायफाय, इन्व्हर्टरचं ॲप, गेटचा रिमोट, या सगळ्यातून आपला नंबर काढून टाकायचा मात्र. आमच्या ओळखीत एकाने घर विकून वर्ष झालं, अजून त्याच्या मोबाइलवर रात्री दोन वाजता नोटिफिकेशन येतं, "अंगणात हालचाल". बघतो तर मांजर.